काळीज नेमके कुठे असते?

मराठी माणूस दिवसभरात स्वतःच्या शरीराचा जितका उल्लेख करतो, तितका तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचाही करीत नसेल. सकाळी नळाला पाणी आले नाही की आमचे डोके फिरते. मुलाची गुणपत्रिका पाहून आमची छाती फुगते, नाही तर मान खाली जाते. विजेचे बिल आले की पोटात गोळा उठतो. विहीणबाईंनी लग्नात नाक मुरडलेले आम्ही वीस वर्षे विसरत नाही, आणि त्या वेळी त्या जे बोलल्या त्याने आमच्या काळजाला जी घरे पडली, ती अजून बुजलेली नसतात. कुणाच्या हाताला चव असते, कुणाच्या पायाला गुण असतो, कुणी हाडाचा शिक्षक असतो, तर कुणाच्या जिभेला हाडच नसते.

या सदरात वर्षभर आपण शब्दांची कुळे शोधत हिंडतो. दिवाळी अंकाच्या निमित्ताने म्हटले, आपल्या अगदी जवळच्या, कातडीच्या आतल्या शब्दांकडे जरा वळावे. वर्गात वाक्प्रचारांचा तास आला की मी फळ्यावर माणसाची एक ओबडधोबड आकृती काढते आणि मुलांना सांगते, जो वाक्प्रचार सांगाल त्यातला अवयव या आकृतीत दाखवायचा. डोळे, कान, नाक, मान इथपर्यंत गाडी सुरळीत चालते. ‘काळीज’ म्हटले की खडू छातीच्या पार डाव्या टोकाला, जवळजवळ काखेत जातो. ‘पित्त खवळले’ म्हटले की खडू नुसताच हवेत फिरतो. आणि मूत्रपिंडे दाखवा म्हटले तर निम्मा वर्ग ती बेंबीच्या आसपास मांडून मोकळा होतो. ही पदवीच्या वर्गातली मुले. शाळेत सगळ्यांनी शरीरशास्त्राचा धडा पाठ केलेला असतो. पण धड्यातले शरीर वहीत राहिले, आणि घरात बोलायचे शरीर वेगळेच राहिले.

भाषा आणि शरीर यांच्यातला हा दुरावा वर्गात गमतीचा वाटतो. दवाखान्यात तो महाग पडतो, हे मात्र मी आता पुरेशा वेळा पाहिले आहे.

काळजापासूनच सुरुवात करू. मराठीत काळीज म्हणजे हृदय, हे आपण गृहीत धरतो. पण मटणाच्या दुकानात कलेजी मागितली तर खाटीक यकृताचा तुकडा कापून देतो, आणि त्याचे काहीच चुकत नाही. हिंदीतला ‘कलेजा’ यकृतही असतो आणि हृदयही. जुन्या मराठीतही काळीज या शब्दाने दोन्ही अवयवांचे काम भागवलेले दिसते. यात आपल्या पूर्वजांना हसण्यासारखे काही नाही. हृदय आणि यकृत यांचा गोंधळ युरोपातल्या पंडितांनीही चौदाशे वर्षे घातला होता. दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याचे म्हणणे असे, की अन्नापासून यकृतात सतत नवे रक्त तयार होते, ते शरीरात पसरते आणि तिथेच खर्च होऊन जाते. जमिनीला पाणी द्यावे आणि ते जिरून जावे, तसे.

हे मत मोडून काढले ते विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने, १६२८ साली, आणि तेही मुख्यतः साध्या हिशोबाने. हृदय एका ठोक्याला किती रक्त बाहेर टाकते याचा त्याने अगदी हात राखून अंदाज केला, त्याला ठोक्यांच्या संख्येने गुणले, आणि दाखवून दिले की अर्ध्या तासातच हृदयातून बाहेर पडणारे रक्त अंगातल्या एकूण रक्तापेक्षा जास्त भरते. एवढे रक्त यकृत कुठून आणणार? म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे. धमन्यांतून गेलेले रक्त शिरांत नेमके कसे शिरते, हा दुवा मात्र हार्वेला डोळ्यांनी दिसला नाही. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ साली, माल्पीगी या इटालियन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केसाहूनही बारीक वाहिन्या पाहिल्या, आणि हिशोबातली ती शेवटची रक्कम जमा झाली.

आजचा हिशोब आपणही मांडू शकतो. हृदय साधारण आपल्या मुठीएवढे. मिनिटाला सुमारे ७२ ठोके धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर होतात. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त, म्हणजे मिनिटाला ५ लिटर आणि दिवसाला ७,००० लिटर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी रोज सात वेळा उपसायची, रविवार नाही, दिवाळीची सुट्टी नाही! आणि हा पंप काखेत नसतो. छातीच्या मधल्या हाडामागे तो असतो, फक्त त्याचे टोक डावीकडे कललेले असते. ठोका डावीकडे जाणवतो म्हणून आपण सगळे हृदयच तिकडे ढकलले आहे.

पण हा तपशील जाणून करायचे काय, असे कुणी विचारील. आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांची हकीकत सांगते. वय अठ्ठावन्न, प्रकृती ठणठणीत, चकल्यांचे शौकीन. भाऊबीजेच्या रात्री जेवणानंतर त्यांना पोटाच्या वरच्या भागात जळजळू लागले, डावा जबडा ठणकू लागला. घरात एकमताने निदान झाले: फराळ बाधला, वात धरला. ओवा झाला, सोडा झाला, हिंगाचा लेपही झाला. डाव्या छातीत कळ नाही, मग हृदयाचा संबंध काय? सुनेला मात्र त्यांच्या कपाळावरचा घाम खटकला. तिने विचारले, “बाबा, एक बोट ठेवून दाखवा ना, नेमकं कुठं होतंय?” त्यांना बोट ठेवता येईना. त्यांनी मूठ वळली आणि ती छातीच्या मधल्या हाडावर दाबून धरली. तिने ओव्याची डबी बाजूला सारली आणि त्यांना रुग्णालयात नेले. हृदयाच्या एका धमनीत गुठळी अडकली होती. वेळेवर गेले म्हणून यंदाच्या चकल्यांवर टीका करायला ते आपल्यात आहेत.

हृदयाचे दुखणे जबड्यात किंवा हातात का जाणवावे, याचे कारण मोठे मनोरंजक आहे. एका चाळीत एकाच जिन्यावर दोन बिऱ्हाडे आहेत आणि दोघांत मिळून एकच घंटा आहे, अशी कल्पना करा. पहिल्या बिऱ्हाडाकडे रोज दहा माणसे येतात, दुसऱ्याकडे वर्षातून एक. घंटा वाजली की सगळे समजतात, पहिल्यांकडेच कोणीतरी आले. हृदयाकडून निघणारे मज्जातंतू आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूचे मज्जातंतू पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एकाच जिन्याने शिरतात. हाताकडून मेंदूला रोज निरोप येतात: चटका बसला, खरचटले, मुंग्या आल्या. हृदय बिचारे जन्मभर गप्प असते. ते एकदा ओरडले की मेंदू म्हणतो, हात दुखतो आहे.

म्हणून छातीच्या मध्यावर ओझे ठेवल्यासारखे किंवा आवळल्यासारखे वाटणे, ते दुखणे हात, जबडा, पाठ किंवा वरचे पोट यांच्याकडे सरकणे, त्याबरोबर घाम, धाप, मळमळ, हे सगळे हृदयाचे बोलणे असू शकते. बायकांच्या आणि मधुमेहींच्या बाबतीत तर छातीत फारसे न दुखता नुसती धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढेच असू शकते. अशा वेळी ओवा शोधू नये. १०८ क्रमांक फिरवावा.

हीच घंटेची गोष्ट पोटातही घडते. आंत्रपुच्छाला सूज आली की दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकते. आधी वाजते ती सामाईक घंटा. सूज पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचली की त्याची स्वतःची घंटा वाजते आणि जागा नेमकी कळते. अशा मुलाला ‘पोट साफ होऊ दे’ म्हणून एरंडेल पाजणे घातक ठरू शकते. पण बहुतेक घरांत ‘पोटात दुखतंय’ एवढ्यावरच चौकशी संपते आणि एरंडेलाची बाटली निघते.

कारण ‘पोट’ हा आपल्या भाषेतला सर्वांत ऐसपैस शब्द आहे. आपण गुपित पोटात ठेवतो, अपराध पोटात घालतो, पोटासाठी नोकरी करतो, आणि मूलही आईच्या पोटातच असते. बरगड्यांपासून मांड्यांपर्यंत जे काही आहे ते सगळे पोट! आतमध्ये मात्र स्वतंत्र खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत वेगळा व्यवहार चालतो.

आत्ता तुमच्या हातात जी करंजी असेल तिच्याबरोबरच आत जाऊ या. तोंडातच पिठाचे साखरेत रूपांतर सुरू होते. पोळीचा घास बराच वेळ चावला तर गोड लागतो तो त्यामुळे. अन्ननलिकेतून घास जठरात येतो. हे जठर बेंबीमागे नसून वर, डाव्या बरगड्यांच्या आडोशाला असते. तिथे तीव्र आम्ल असते, घास घुसळला जातो, आणि हळूहळू पुढे सोडला जातो. तळलेले पदार्थ इथे सर्वांत जास्त वेळ रेंगाळतात. फराळानंतर दुपारभर पोट तुडुंब वाटते त्याचे हे कारण.

पुढे लहान आतड्याच्या तोंडाशी तुपातेलाची गाठ पित्ताशी पडते. उजव्या बरगड्यांखाली सुमारे दीड किलो वजनाचे यकृत असते. ते रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते आणि त्याच्या खाली लटकलेल्या पित्ताशयात ते साठते. अभ्यंगस्नानात अंगावरच्या तेलाशी शिकेकाई जे करते, ते पित्त आतड्यातल्या तेलाशी करते: तवंग फोडून त्याचे बारीक थेंब करते, म्हणजे पाचकरसांना ते सोपे जावे. सहावारी साडीइतके लांब असे हे लहान आतडे आत निऱ्या घालून बसवलेले आहे, आणि त्या निऱ्यांवर मखमलीसारखी बारीक लव आहे. एवढ्याशा जागेत अन्न शोषून घ्यायला जो पृष्ठभाग मिळतो तो सुमारे तीस चौरस मीटर, म्हणजे चांगल्या ऐसपैस दिवाणखान्याएवढा.

आता गंमत पाहा. ‘मला पित्त झालं’ असे आपण म्हणतो तेव्हा घशाशी आलेले असते ते बहुधा जठरातले आम्ल. पित्त बिचारे आपल्या जागी शिकेकाईचे काम करीत असते. उलट पित्ताशयात खडे होऊन तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते आणि ती खांद्याकडे किंवा पाठीत जाते, तेव्हा आपण म्हणतो, ‘गॅस झालाय.’ आयुर्वेदातली वात, पित्त ही स्वतंत्र शास्त्राची परिभाषा. तिचा आणि आपल्या या घरगुती बोलण्याचा संबंध नावापुरताच उरला आहे. डॉक्टरांसमोर ‘पित्त’ हा शब्द उच्चारण्यापेक्षा ‘जेवल्यावर दोन तासांनी, इथे, असे जळजळते’ असे सांगितलेले त्यांना अधिक उपयोगी पडते.

पण मराठीची वकील या नात्याने एक गोष्ट तिच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. रागाचा आणि पोटाचा संबंध तिने ओळखला, तो मात्र खरा आहे. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर आलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात बंदुकीची गोळी घुसली. बोमाँट या लष्करी शल्यवैद्याने त्याला वाचवले, पण जखम अशी भरली की बाहेरून थेट जठरात उघडणारे एक भोक कायमचे राहिले. बोमाँटने मग वर्षानुवर्षे त्या भोकातून रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून आत सोडले, बाहेर काढले, आणि पचन कसे होते ते पाहिले. १८३३ साली त्याने यावर पुस्तक लिहिले. त्यात एक नोंद अशी आहे, की सेंट मार्टिन चिडला किंवा घाबरला की जठराच्या अस्तराचा रंग बदलतो आणि पचनात बिघाड होतो. हा तरुण चिडत नसता तरच नवल! तो पुढे १८८० सालापर्यंत जगला. आतड्यांच्या भिंतींत कोट्यवधी मज्जापेशींचे जाळे असते हे आज आपल्याला माहीत आहे. परीक्षेच्या सकाळी मुलाच्या पोटात गोळा येतो तो बहाणा नसतो, एवढे तरी त्याच्या वडिलांनी यावरून घ्यावे.

श्वासाच्या बाबतीतही आपली भाषा बरीच चौकस आहे. आपण दम खातो, दम धरतो, दम देतो आणि जिना चढलो की आपल्याला दम लागतो. मात्र फुप्फुसांना स्वतःचे असे काहीच बळ नसते. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा ताणलेला एक स्नायूंचा पडदा आहे. तो खाली सरकतो तेव्हा छातीतली जागा वाढते आणि हवा आपोआप आत ओढली जाते. हा पडदा मधेच आचका देऊ लागला की उचकी लागते. माहेरच्या माणसांनी आठवण काढली, ही समजूत मोडायला माझे मन धजत नाही; पण ती काढली नसली तरी घाईने खाल्लेली भाकरी हे काम करू शकते. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात, डाव्याचे दोनच, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यायची असते. एकत्र कुटुंबात कुणीतरी असे सरकून बसावेच लागते.

आता मूत्रपिंडांकडे वळते, आणि इथे मराठी भाषा चक्क मौन पाळते. डोळ्यांवर शेकड्यांनी वाक्प्रचार असतील. मूत्रपिंडांवर रुळलेला असा एकही मला आठवत नाही. अलीकडे कॉलेजातल्या मुलांनी एक काढला आहे खरा: महागडा मोबाइल घ्यायचा तर ‘किडनी विकावी लागेल’. पण त्यातही ती विकण्यापुरतीच आठवते. पाठीच्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला ही दोन पिंडे असतात, प्रत्येक मुठीएवढे. एकेकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या. त्या दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीडएक लिटर तेवढा मूत्र म्हणून बाहेर टाकून बाकीचा सगळा जपून रक्तात परत घालतात. काटकसर म्हणतात ती ही.

वाक्प्रचार का नाही, याचे कारण मला असे वाटते: हे अवयव कुरकुर करीत नाहीत. हृदय धडधडते, पोट गुरगुरते, डोके ठणकते. मूत्रपिंडे मुकाट्याने काम करतात आणि बिघडतात तीही पुष्कळदा मुकाट्याने. कंबर दुखली की लोक किडनीला बोल लावतात. बहुतेक कंबरदुखी स्नायूंची किंवा मणक्यांची असते, आणि खरोखर निकामी होत चाललेली मूत्रपिंडे बराच काळ दुखतच नाहीत. मधुमेह आणि रक्तदाब ही त्यांची दोन मोठी दुखणी. घरात ज्यांना यांपैकी काही असेल, त्यांनी वर्षातून एकदा रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासून घ्यावे. ज्याला बोलता येत नाही, त्याची विचारपूस आपणच करायची असते.

आणि ज्याला बोलता येते, पण बोलायला शब्दच दिलेले नसतात, त्याचे काय? आता जे सांगायचे आहे ते मुख्यतः घरातल्या बायकांविषयी आहे, आणि पुरुषांनी पान उलटू नये अशी माझी विनंती आहे.

माझ्या एका मावशीला तीन वर्षे ‘बरं नव्हतं’. काय होते, तर ‘अंगात कणकण’, ‘कंबर भरून येते’, ‘डोळ्यांपुढं अंधारी’. कुणी टॉनिक दिले, कुणी दृष्ट काढली. शेवटी तिला मी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, काय त्रास होतो? मावशी माझ्याकडे, मग खिडकीकडे, मग जमिनीकडे बघत म्हणाली, “अंगावर जातं.” बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि हलक्या आवाजात विचारले, “लाल की पांढरं? किती दिवस? किती घड्या बदलता?” या तीन प्रश्नांत तीन वर्षांचा आजार बाहेर आला. गर्भाशयात गाठी होत्या, दर महिन्याला बेसुमार रक्त जात होते, आणि हिमोग्लोबिन साडेसहावर आले होते. ते बारा तरी असायला हवे. मावशी अशिक्षित नाही. जुनी मॅट्रिक आहे, दोन वर्तमानपत्रे वाचते, आणि बचतगटाचा हिशोब पैशापर्यंत जुळवते.

पण तिला शब्द कोणते दिले होते? बाहेरची झाली. कावळा शिवला. दूर बसली. दिवस गेले. अंगावर जाते. अंग बाहेर येते. या शब्दांतले ‘अंग’ म्हणजे नेमके काय, हे सांगायचे नाही, म्हणूनच हे शब्द घडवलेले. त्यातल्या मर्यादेची, लाजेची मला कुचेष्टा करायची नाही. पण झाकण्यासाठी घडवलेला शब्द, सांगायची वेळ आली की कामाचा राहत नाही. पेरूएवढा, पेरूच्याच आकाराचा तो अवयव. त्याला गर्भाशय असे सरळ, सुंदर नाव आहे. तरी आपण लेकरांना सांगतो की बाळ आईच्या पोटात असते, आणि मग ती बिचारी पोळीभाजी बाळाच्या डोक्यावर पडत असेल का, या काळजीत पडतात.

रक्ताचे गणित इथे लक्षात घेण्यासारखे आहे. हाडांच्या मगजात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी तयार होतात. एक पेशी सुमारे १२० दिवस जगते. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन बनवायला लोह लागते. लोहाची आवक कमी आणि दर महिन्याची जावक जास्त, की खाते तोट्यात जाते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शंभरात सत्तावन्न जणींचे रक्त कमी आढळले. म्हणजे तुमच्या घरात चार बायका असतील तर त्यांतल्या दोघींची धाप, चिडचिड आणि ‘आताशा होत नाही गं’ ही वयाची किंवा स्वभावाची नसून रक्ताची असण्याचा पुष्कळ संभव आहे. हे एका साध्या तपासणीने कळते. जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातले लोह कमी शोषले जाते आणि लिंबू पिळले तर जास्त, एवढे तरी आजच अमलात आणता येईल. पण रक्त जाते कुठे, हे शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्यांवर थांबू नये.

या बाबतीत मराठी समाजाला सांगणारे कुणी भेटलेच नाही, असे नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी सेरामपूरला जाहीर सभेत उभ्या राहिल्या आणि हिंदुस्थानाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे असे त्यांनी सांगितले. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी आपण त्यांना गमावले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. शरीराविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी सरळ मराठीत उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला ते हरले. पण ज्यांना ते प्रश्न विचारायचे होते, त्यांना एक जागा तरी मिळाली होती. आज छापील माहिती उदंड आहे, मोबाइलवर तर पूर आहे. तरीही माझ्या मावशीला तीन वर्षे लागली, कारण माहिती मोबाइलमध्ये होती आणि बोलायचे घरात होते.

तेव्हा नरकचतुर्दशीची पहाट या कामी आणावी, असे मला सुचवावेसे वाटते. वर्षातला हा एकच दिवस असा, की आपण घरादाराच्या अंगाला हात लावतो. आई मुलाच्या पाठीला तेल चोळते, बहीण भावाला उटणे लावते. पाठीला तेल लावताना शेवटच्या बरगडीशी हात आला की सांगावे, इथे आत तुझी दोन मूत्रपिंडे आहेत, ती बोलत नाहीत. उजव्या बरगडीखाली यकृत, डावीकडे जठर. छातीच्या मध्यावर त्याचाच हात ठेवून त्याला अर्ध्या मिनिटाचे ठोके मोजायला लावावेत. गार पडले की पोरे कुरकुर करतील, गुदगुल्या झाल्या की हसतील, आणि त्यातले एखादे चौकस पोर नक्की विचारील, मी कुठे होतो?

त्याला ‘पोटात’ असे सांगू नका. गर्भाशय म्हणा, जागा दाखवा, आणि मग खुशाल त्याला कारीट फोडायला पाठवा.